‘सवडीने द्यावयाची’ म्हणजे सवड कोणाची?

प्रश्न मिरज तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे. त्यांनी मार्च २०२२ मध्ये बांधाशेजारची ४० गुंठे जमीन गुंठ्याला १ लाख १० हजार या दराने, म्हणजे ४४ लाखांना घ्यायचं ठरवलं. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार झाला, नोटरी झाली. त्याच दिवशी ६ लाखांचा चेक दिला. नोव्हेंबरात ४ लाख आरटीजीएस केले. २०२३ च्या दिवाळीत दीड लाख रोख देऊन खिशातल्या डायरीत सही घेतली. बाकीच्या पैशाबद्दल साठेखतात एकच वाक्य आहे: ‘राहिलेली रक्कम लिहून घेणार यांनी सवडीने, व लिहून देणार यांनी मोजणी करून दिल्यावर खरेदीखताचे वेळी द्यावयाची आहे.’ मुदत कुठेही नाही. मोजणी आजवर झालेली नाही. जमीन देणारे तात्या आता वकिलामार्फत कळवतात की, पैसे कधी द्यायचे तेच ठरलेलं नसल्याने करार कायद्याने मुळातच रद्द आहे. ६ लाख परत घ्या आणि विषय संपवा. असा करार कोर्टात टिकतो का?

टिकतो. निदान त्या एका कारणावरून पडत नाही. पण तुमच्या पत्रात शेवटी शेवटी दोन ओळी आहेत, एक व्हॉट्सअ‍ॅपबद्दलची आणि एक या सालच्या द्राक्षांबद्दलची. मला खरी काळजी त्या ओळींची आहे. त्यांच्याकडे येतोच, आधी नोटिशीचा समाचार घेऊ.

नोटिशीत भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम २९ चा आधार घेतलाय. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल, असं ते कलम सांगतं. यातलं ‘निश्चित करताही येत नाही’ हे नोटीस लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलंय. त्या कलमाखाली कायद्यानेच दिलेली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. ‘माझा पांढरा घोडा पाचशेला किंवा हजाराला विकतो’ असं कोणी लिहिलं, तर दोनपैकी किंमत कोणती हे कशावरूनच कळत नाही, म्हणून तो करार रद्द. पण ‘हजार मण तांदूळ, अमुक माणूस ठरवील त्या भावाने’ हा करार चालतो, कारण भाव आज ठाऊक नसला तरी तो कळायची वाट करारातच आहे.

तुमच्या साठेखतात घोडाही एक आहे आणि किंमतही एक. गट नंबर आहे, क्षेत्र आहे, चतुःसीमा आहे, गुंठ्याचा दर आहे, एकूण मोबदला अंकी आणि अक्षरी आहे, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार आहेत. लटकलंय ते एवढंच की, उरलेले साडेबत्तीस लाख कोणत्या तारखेला द्यायचे. किंमत किती, याची संदिग्धता आणि किंमत कधी, याची संदिग्धता कोर्ट एका तागडीत तोलत नाही. १९६८ मध्ये कोल्लिपारा श्रीरामुलू विरुद्ध अश्वत्थ नारायण या आंध्रातल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढे जवळपास हाच बचाव आला होता. करार तोंडी होता, आणि विकणाऱ्याचं म्हणणं होतं की पैसे देण्याची पद्धत आणि वेळ ठरलेली नव्हती, सबब करार पुरा झालाच नाही. कोर्टाने ते मानलं नाही. किंमत, क्षेत्र आणि व्यवहार पुरा करायची वेळ या मुख्य गोष्टी ठरल्या होत्या, तेवढ्यावर करार बंधनकारक धरला. आता तात्यांचे वकील यावर म्हणतील की तिथे व्यवहाराची वेळ ठरली होती, इथे तीही नाही. हा फरक खरा आहे. म्हणून कलम ४६ लागतं.

करार कायद्याचं कलम ४६ असं की, वचन कधी पुरं करायचं हे लिहिलेलं नसेल तर ते वाजवी मुदतीत पुरं करायचं, आणि वाजवी मुदत किती हा त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न. म्हणजे तारीख कोरी सोडली की करार पडत नाही. कोरी जागा कायदा भरतो. फक्त ती भरताना तो तुमच्या मनातली तारीख विचारत नाही, दोघांनी पुढे काय केलं ते बघतो.

‘सवडीने’ हा एक शब्द मात्र डोक्याला ताप आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय की बाकी मजकूर टाईप केलेला, आणि ‘सवडीने, व’ एवढंच निळ्या बॉलपेनने वर घुसडलेलं, शेजारी एकच छोटी सही. ती सही कोणाची? तात्यांची असेल तर उत्तम. तुमची एकट्याची असेल तर हा शब्द मागाहून घातला असा आरोप येणार, हे गृहीत धरा. बॉन्ड रायटरकडे उभ्या उभ्या केलेली अशी दुरुस्ती मी शेकडो कागदांवर बघितलीय. दोघांच्या सह्या घ्यायला अर्धा मिनिट लागतो, आणि त्या अर्ध्या मिनिटावर पुढे उलटतपासणीत अख्खा दिवस जातो.

शब्द खरा धरला तरी अडचण अशी की, ‘मला जमेल तेव्हा देईन’ हे वचनच नव्हे. देणं पूर्णपणे देणाऱ्याच्या मर्जीवर असेल तर बांधिलकी उरते कुठे? तात्यांचे वकील हाच धागा ओढणार. त्यावर तुमचं उत्तर त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. ‘मोजणी करून दिल्यावर खरेदीखताचे वेळी.’ वाक्य तुकड्याने वाचायचं नसतं. सगळं मिळून अर्थ असा निघतो की अधूनमधून जमेल तसे हप्ते द्यायला तुम्ही मोकळे, पण सवडीला शेवटची भिंत आहे, आणि ती म्हणजे खरेदीखताचा दिवस. त्या दिवशी पै न पै टेबलावर. तुमचं वागणंही या अर्थाला धरूनच आहे: नोव्हेंबरात ४ लाख, दिवाळीत दीड लाख, आणि दोन्ही वेळा तात्यांनी कुरकुर न करता घेतले. करारात शब्द सैल असला की पक्षकारांनी तो कसा पाळला हे कोर्ट आवर्जून बघतं.

शिवाय मोजणी. ती करून द्यायची तात्यांनी. अर्ज भूमी अभिलेखकडे सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराने करायचा, तुम्ही साठेखत दाखवून मागितलीत तरी ते करणार नाहीत. करार कायद्याच्या कलम ५२ आणि ५४ चा मथितार्थ असा की परस्परांच्या वचनांचा क्रम ठरलेला असेल तर तो पाळायचा, आणि ज्याचं काम आधी आहे त्याने ते केलं नाही तर दुसऱ्याने पैसे का दिले नाहीत हे विचारायचा हक्क त्याला नाही. मोजणी न करता ‘पैसे आले नाहीत’ म्हणणं तात्यांना शोभत नाही, आणि कायद्यात बसतही नाही.

इथे थोडं बाजूला जातो, कारण सांगलीत ‘पैशाचं नंतर बघू’ हे वाक्य जमिनीपेक्षा मालाच्या व्यवहारात जास्त चालतं, आणि तिथला कायदा वेगळा आहे हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. हळद, बेदाणा, गूळ असल्या मालाला मालविक्री कायदा, १९३० लागतो. त्याच्या कलम ९ प्रमाणे भाव ठरलाच नसेल तरी करार बुडत नाही. दोघांच्या आजवरच्या देण्याघेण्याच्या रिवाजाने भाव ठरतो, नाहीतर घेणाऱ्याने वाजवी भाव द्यायचा. कलम ३२ प्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर माल देणं आणि पैसे देणं एकाच वेळी. जमिनीला अशी सवलत नाही. ‘भाव नंतर बसून ठरवू’ असं साठेखत झालं, तर ‘वाजवी भाव’ घालून ते जिवंत करणारं कलम मला तरी कुठे दाखवता येणार नाही. उधारीच्या मुदतीचंही तसंच. मालाची उधारी किती दिवसांची हे ठरलं नसेल, तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद १४ प्रमाणे दावा लावायची तीन वर्षं माल दिल्या दिवसापासून चालू होतात. तासगावकडचा एक शेतकरी माझ्याकडे बेदाण्याच्या पैशासाठी आला होता. व्यापारी दर महिन्याला ‘पुढल्या पट्टीला देतो’ म्हणत होता, आणि या भल्या माणसाला वाटत होतं की तो देतो म्हणतोय तोवर मुदत चालू होत नाही. माल देऊन तीन वर्षं चार महिने झाले होते. वाचला तो एका ५० हजारांच्या चेकमुळे. मधल्या काळात व्यापाऱ्याने हिशेबापोटी दिलेला तो चेक वटला होता, त्यामुळे कलम १९ खाली त्या तारखेपासून मुदत नव्याने धरता आली. तोच पैसा रोख दिला असता आणि सहीचं काही नसतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

कुपवाडच्या एमआयडीसीतले लघुउद्योजक या बाबतीत सुखी आहेत. २००६ च्या एमएसएमई कायद्याने नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत आणि लेखी ठरलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. उसाचंही तसंच, एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, १४ दिवसांत. म्हणजे करारात तारीख कोरी राहिली तर कायदा काही ठिकाणी स्वतःच तारीख टाकतो. जमिनीच्या बाबतीत ती टाकत नाही, ती तुम्हाला पुराव्याने उभी करावी लागते.

आता तुमच्या त्या दोन ओळी.

पहिली: ‘या साली अवकाळीने द्राक्षं गेली, पैसे पुढच्या हंगामात जमले असते.’ जमिनीची करारपूर्ती मागणाऱ्याने, म्हणजे खरेदीखत करून द्या असा दावा लावणाऱ्याने, आपण पहिल्यापासून पैसे द्यायला तयार होतो आणि समर्थही होतो हे सिद्ध करायचं असतं. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३, कलम १६ (क). तयारी म्हणजे मनाची, आणि समर्थता म्हणजे खिशाची. दोन्ही लागतात, आणि करारापासून दाव्याच्या निकालापर्यंत लागतात. नोटा कोर्टात आणून दाखवायची गरज नाही, कोर्टाने सांगेपर्यंत रक्कम भरायचीही गरज नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय. पण साडेबत्तीस लाख उभे करायची ताकद होती हे कागदावर दिसलं पाहिजे. ठेवीच्या पावत्या, बँकेचं खातं, सोसायटीची किंवा बँकेची कर्जमंजुरी, बागेच्या विक्रीच्या पट्ट्या, कारखान्याची उसाची बिलं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर (ती १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे) करारपूर्ती द्यायची की नाही हा कोर्टाच्या मर्जीचा भाग पुष्कळ कमी झाला, हे तुमच्या बाजूचं. मात्र कलम १६ (क) चं ओझं तिथेच आहे. माझ्या अनुभवात साठेखताचे दावे शब्दांच्या सैलपणाने क्वचित पडतात. ते पडतात उलटतपासणीत, जेव्हा समोरचा वकील विचारतो, ‘अमुक साली अमुक महिन्यात तुमच्या खात्यावर किती रुपये होते?’

म्हणून ‘पैसे पुढच्या हंगामात जमले असते’ हे वाक्य तुम्ही मला लिहिलंत ते ठीक. तेच नोटिशीच्या उत्तरात कोणी सहानुभूती म्हणून लिहिलं, तर कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, तात्यांना फार कष्ट पडणार नाहीत.

दुसरी ओळ: तुम्ही तात्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला होतात, ‘तात्या, औंदा जमायचं नाही, फुडल्या हंगामाला बघूया.’ हे वाचून मी कपाळाला हात लावणार होतो. मग पुढची अर्धी ओळ वाचली. तात्यांनी उत्तर दिलं, ‘असू दे रं, तुझ्या सवडीनं दे. मोजणीवाल्यास्नी पण मीच गाठतो.’

या पंधरा सेकंदांवर तुमचा दावा उभा राहील किंवा बसेल. कारण त्यात तीन गोष्टी एकदम आल्या. एक, ‘सवड’ कोणाची या प्रश्नाचं उत्तर तात्यांनी स्वतःच्या तोंडाने दिलं: तुझ्या. बॉलपेनच्या दुरुस्तीवर त्यांना आता फार बोलता येणार नाही. दोन, मोजणी माझ्याकडे आहे आणि झालेली नाही, हे त्यांनी कबूल केलं. तीन, करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ज्याला वचन दिलंय तो मुदत वाढवून देऊ शकतो, आणि इथे ती वाढवून दिलेली आहे. त्याच निरोपात तुमच्याकडे त्या साली पैसे नव्हते हेही आहे, ते लपणार नाही. पण मुदत समोरच्यानेच वाढवून दिलेली असताना त्या काळातल्या टंचाईचं वजन बरंच उतरतं.

लेखी करार असताना तोंडी गोष्टी कशा चालतील, असं नोटिशीत शेवटी विचारलंय. नियम खराच आहे, लेखी अटीच्या विरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही. पण ज्या मुद्द्यावर कागद गप्प आहे आणि तोंडी ठरलेलं कागदाच्या विरुद्ध जात नाही, तिथे पुरावा देता येतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ९२ होतं; १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते ९५ झालं. आवाजी निरोपासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. तेव्हा तो फोन जपा. नवा हँडसेट घ्यायचा असेल तर घ्या, पण जुना पोराला खेळायला देऊ नका, रिसेट करू नका, आणि संभाषणातला तुमच्या विरुद्धचा निरोप पुसायचा मोह झाला तर तो आवरा. तात्यांच्या फोनमध्ये तो आहेच. अर्धवट संभाषण हजर केलं की उरलेल्या अर्ध्यावरचाही विश्वास जातो.

मुदतीचं सांगतो. करारपूर्तीचा दावा तीन वर्षांत लावायचा असतो, मुदत कायद्याचा अनुच्छेद ५४. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून. तारीख नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. म्हणजे तारीख कोरी राहिल्याचा या एका बाबतीत तुम्हाला फायदाच झाला. २०२२ पासून मोजायला लागलो असतो तर पंचाईत होती. तुमचं घड्याळ नोटीस हातात पडली त्या दिवशी सुरू झालं. पाकीट टाकून देऊ नका, पोस्टाचा शिक्का त्यावर असतो. आणि तीन वर्षं आहेत म्हणून दोन वर्षं अकरा महिने थांबूही नका. विद्यानादम विरुद्ध वैरवन या १९९७ च्या निकालात मदुराईच्या एका घराचा करार होता, ६० हजारांपैकी ५ हजार दिलेले, सहा महिन्यांची मुदत. घेणारा अडीच वर्षं गप्प बसला, तोवर किमती चढल्या, आणि सुप्रीम कोर्टाने मुदतीत असलेला दावाही फेटाळला. जमिनीच्या व्यवहारात वेळ हा सहसा कराराचा प्राण मानत नाहीत, हे खरं. पण १९९३ च्या चांद रानी विरुद्ध कमल रानी या घटनापीठाच्या निकालातही घेणारी बाजू हरलीच, कारण तिथे ९८ हजार ‘दहाच दिवसांत’ द्यायचे असं ठसवून लिहिलेलं होतं. तुमच्याकडे तसं लिहिलेलं नाही, आणि तात्यांना आता ते लिहिताही येणार नाही.

कागदाच्या दोन दुखऱ्या जागा राहिल्या. तुम्ही लिहिता की २०२३ पासून त्या रानात तुमचा ऊस आहे. साठेखतात ताबा खरेदीखताच्या वेळी असा असला, तरी करारानंतर ताबा आला की महाराष्ट्रात तो दस्त स्टॅम्पसाठी खरेदीखतासारखाच धरतात. १०० रुपयांचा कागद कोर्टात दाखल केला की समोरून पहिला आक्षेप तोच येईल, दस्त अटकवून ठेवतील, आणि कमी पडलेली ड्युटी अधिक दरमहा २ टक्के दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात वाचला जाणार नाही. हा खर्च आजच धरा. दस्त नोंदवलेला नसल्याने केवळ ताब्याच्या जोरावर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ ची, म्हणजे घेणाऱ्याचा ताबा वाचवणारी ढाल मिळणार नाही. २००१ नंतर त्याला नोंदणी लागते. करारपूर्तीच्या दाव्यात मात्र बिननोंदणीचा करार पुरावा म्हणून चालतो, नोंदणी कायद्याच्या कलम ४९ च्या परंतुकाप्रमाणे. ‘नोटरी केलंय की’ हे दोघेही म्हणता. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, त्याने फक्त सही तुम्हीच केली एवढं कळतं.

दुसरी जागा दीड लाख रोख. स्थावर मिळकतीच्या व्यवहारापोटी २० हजार किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१५ पासून बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. त्यामुळे तात्या ती रक्कम सहजासहजी कबूल करणार नाहीत, त्यांना करवणारच नाही. डायरीतली सही नाकारतील, मग हस्ताक्षरतज्ज्ञ आला, पुढचं सगळं आलं. दावा लावताना ही रक्कम मांडायचीच, फक्त दाव्याचा डोलारा तिच्यावर उभा करायचा नाही.

नोटिशीत तात्यांनी ६ लाख मिळाल्याचं आणि साठेखतावर सही केल्याचं लिहून दिलंय, हे त्यांच्या वकिलाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. आणि त्यांचंच म्हणणं खरं धरू, करार मुळात रद्दच. तरी करार कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे रद्द निघालेल्या करारापोटी घेतलेलं सगळं परत करावं लागतं. मग सहाच का? आरटीजीएसचे चार बँकेत दिसतायत. त्यांचा बचाव त्यांनाच किमान १० लाखांत नेतो.

तेव्हा करायचं असं. नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर जाऊ द्या, आणि त्याच्या आधी बँकेकडून किंवा सोसायटीकडून बाकीच्या रकमेची लेखी सोय करून घ्या, निदान मंजुरीचं पत्र. पत्र हातात नसताना ‘आम्ही तयार आहोत’ लिहू नका. उत्तरात मोजणीचा अर्ज अमुक तारखेपर्यंत करा, आणि मोजणीनंतर इतक्या दिवसांत मिरजेच्या दुय्यम निबंधकांकडे आम्ही बाकी रकमेसह हजर राहतो, असं तारखा घालून कळवायचं. आता कोऱ्या जागा तुम्ही भरायच्या. तात्या आले नाहीत तर दावा. दाव्यात करारपूर्ती, नोटिशीने केलेलं रद्दीकरण बेकायदा ठरवून मिळावं, मिळकत तिसऱ्याला विकू नये म्हणून मनाई, आणि हे काहीच मिळालं नाही तर दिलेली रक्कम व्याजासह परत, एवढ्या चारही मागण्या घाला. परताव्याची मागणी लोक कमीपणा वाटतो म्हणून गाळतात. ती मागितली नाही तर कोर्ट आपणहून देत नाही, विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट आहे. कोर्ट फी मोबदल्याच्या पूर्ण ४४ लाखांवर लागेल. दावा लागल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या, आम्ही ती नोंदवतोच. आणि सातबाऱ्यावर तात्यांच्या बहिणींची नावं आहेत का तेवढं आज बघा. असतील आणि साठेखतावर त्यांच्या सह्या नसतील, तर हे सगळं पुन्हा लिहावं लागेल.

तात्यांच्या वकिलाने हे वाचलं तर त्यांच्यासाठीही एक गोष्ट. विकणाऱ्याला खरी भीती साठेखतातल्या सैल शब्दांची नसते. ती खरेदीखतातल्या सैल शब्दांची असावी. दाहीबेन विरुद्ध अरविंदभाई भानुसाळी हा २०२० चा निकाल सुरतेकडच्या जमिनीचा आहे. १ कोटी ७४ लाखांचा मोबदला, ३६ चेकने, आणि विकणाऱ्यांचं म्हणणं की त्यातले ४० हजारच हाती आले. खरेदीखत नोंदवलेलं होतं. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाकी पैसे मिळाले नाहीत म्हणून नोंदवलेलं खरेदीखत रद्द होत नाही, पैशाच्या वसुलीचा दावा लावायचा; आणि ते पाच वर्षांनी कोर्टात आल्याने दावा दारातच संपला. तात्यांच्या हातात अजून जमीन आहे. तेव्हा ‘बाकीचे नंतर’ असं खरेदीखत करू नका हे त्यांना मीही सांगेन.

तडजोडीचं तुम्ही विचारलंत. ४४ लाखांच्या जमिनीला आज रस्त्यामुळे बरंच जास्त येतंय, आणि तात्यांचं दुखणं तेच आहे, कलम २९ नव्हे. त्यांनी चार वेळा पैसे मागून तुम्ही टोलवले असते तर मी वेगळं बोललो असतो. इथे त्यांनीच सवड दिली, त्यामुळे कायद्याने तुम्ही एक पैसा जास्त देणं लागत नाही. पण दावा खालच्या कोर्टात पाच-सात वर्षं आणि पुढे अपील, तोवर बांधाला बांध, पाण्याची पाळी एकाच पाटावर. गुंठ्यामागे काही वाढवून महिन्याभरात खरेदीखत होत असेल तर मी तुमच्या जागी बसून बोललो असतो. मात्र जे ठरेल ते जुन्या साठेखताच्या समासात लिहू नका. नवा कागद, पूर्ण स्टॅम्प, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, आणि पैशाचं वाक्य असं: ‘एकूण मोबदला अमुक. आजवर मिळाले अमुक, तपशील खाली. मोजणी लिहून देणार यांनी अमुक तारखेपर्यंत करून द्यावयाची. मोजणीचा नकाशा मिळाल्यापासून ३० दिवसांत लिहून घेणार यांनी बाकी अमुक रक्कम डिमांड ड्राफ्टने देऊन खरेदीखत करून घ्यावयाचे. मोजणीस उशीर झाल्यास तेवढे दिवस मुदत वाढेल.’

येताना मूळ साठेखत आणा, फोटो नको. तो बॉलपेनचा शब्द मला उजेडात धरून बघायचाय.